टोलेडो, इ.स. ५८९ : बापाचं धोरण, मुलाची सही

८ मे ५८९ रोजी टोलेडोत सत्तरेक बिशप जमले होते. स्पेन, आजच्या पोर्तुगालचा मोठा भाग आणि दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याची पट्टी असा सगळा मुलूख तिथे हजर होता म्हणायला हरकत नाही. राजा रेकारेड स्वतः सभेत आला. त्याने आणलेलं लेखी निवेदन वाचून दाखवण्यात आलं आणि त्याखाली राजाने व राणी बाड्डोने सह्या केल्या. गॉथ लोक इतकी वर्षं ज्या पंथात राहिले तो पाखंड होता आणि आता राजा आपल्या लोकांसह कॅथलिक चर्चमध्ये येत आहे, असा त्या निवेदनाचा अर्थ. मग जुन्या पंथाचे आठ बिशप आणि काही गॉथ सरदार पुढे झाले. एरियसच्या शिकवणीचा त्यांनी २३ कलमांत धिक्कार केला आणि सह्या ठोकल्या.

राजा धर्म बदलतो, मागोमाग सरदार बदलतात, मग प्रजा. युरोपच्या इतिहासात ही कथा वारंवार भेटते. टोलेडोचं प्रकरण मात्र त्या साच्यात बसत नाही. इथे प्रजा आधीपासूनच कॅथलिक होती. वेगळा पंथ होता तो राजाचा आणि त्याच्या जातभाईंचा. म्हणजे रेकारेडने मोडलं ते स्वतःच्या माणसांचं चर्च, ज्यांच्या तलवारींवर त्याचं सिंहासन उभं होतं त्यांचं. शिवाय अवघ्या पाचच वर्षांपूर्वी त्याच्या सख्ख्या भावाने कॅथलिक होऊन बापाविरुद्ध केलेलं बंड मोडून काढण्यात आलं होतं, आणि त्या भावाचा तुरुंगात जीव गेला होता. मग तीच वाट रेकारेडने का धरली, आणि ती त्याला पचली कशी?

पेच कुठून आला

इ.स. ३७६ मध्ये हूणांच्या रेट्याने गॉथांच्या टोळ्या डॅन्यूब ओलांडून रोमन साम्राज्यात आल्या. त्या काळात पूर्वेकडचा सम्राट व्हॅलेन्स ज्या मताचा होता, त्याच मताचं ख्रिस्तीपण त्यांनी घेतलं. उल्फिला नावाच्या बिशपने त्यांच्यासाठी बायबल गॉथिक भाषेत आधीच आणलं होतं. त्या मतानुसार पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्यासारखा आहे, पण पित्याच्या बरोबरीचा नाही. हे मत एरियस या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूच्या नावाने ओळखलं जातं. (एरियन आणि आर्यन यांचा काडीइतकाही संबंध नाही. मराठी वाचनात इथे हमखास गफलत होते, म्हणून सांगून टाकलं.) ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने साम्राज्यापुरता हा वाद मिटवला आणि पिता-पुत्र एकाच तत्त्वाचे हे निकायाचं मत कायम केलं. गॉथ तोवर जुन्या मतात रुजले होते. त्यांच्याकडून ते व्हँडल, बर्गंडियन, ऑस्ट्रोगॉथ अशा इतर जर्मानिक लोकांत पसरलं. ज्या घरात पाहुणे म्हणून आलो त्या घराने नंतर देव्हारा बदलला आणि पाहुण्यांकडे जुनाच राहिला, असा काहीसा प्रकार.

पुढचा प्रवास थोडक्यात. ४१० मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोम लुटलं, ४१८ मध्ये हे गॉथ, म्हणजे व्हिसिगॉथ, दक्षिण गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) वसवले गेले, तुलूझ ही त्यांची राजधानी झाली. ५०७ मध्ये व्हुईयेच्या लढाईत फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याने त्यांचा राजा दुसरा अलारिक याला मारलं. गॉलमधला बहुतेक मुलूख गेला, नार्बोनभोवतीची सेप्टिमेनियाची पट्टी तेवढी उरली आणि राज्याचा गुरुत्वमध्य स्पेनमध्ये सरकला.

स्पेनमध्ये दोन चर्चं शेजारी शेजारी नांदत होती. उत्तर आफ्रिकेत व्हँडलांनी कॅथलिकांचा जसा छळ केला तसा इथे फारसा झाला नाही. कॅथलिक बिशपांच्या परिषदा भरत होत्या, त्यांच्या जमिनी शाबूत होत्या, शहरांतली जुनी रोमन घराणी त्यांच्या पाठीशी होती. एरियन चर्च आकाराने लहान, पण राजाचं. पंथ आणि वंश यांची सांगड तशी सैलच होती. मेरिदाचा कॅथलिक बिशप मासोना जन्माने गॉथ. या सगळ्या काळाच्या वर्षवार नोंदी ज्याच्यामुळे आपल्याला मिळतात तो बिक्लारचा जॉन, तोही गॉथच. तो तरुणपणी कॉन्स्टँटिनोपलला शिकून आला होता.

दोन पंथ असणं ही अडचण होती, पण ती घरातली. धोका झाला तो बाहेरचं जग बदलल्यामुळे. क्लोव्हिसने इ.स. ५००च्या आसपास कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. बर्गंडियन राजा सिगिस्मंड कॅथलिक झाला. सम्राट जस्टिनियनच्या फौजांनी ५३४ मध्ये व्हँडलांचं राज्य संपवलं, पुढे वीस वर्षांच्या युद्धात इटलीतले ऑस्ट्रोगॉथ संपवले. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातले स्वेबी हे जर्मानिक लोक सहाव्या शतकाच्या मध्यावर कॅथलिक झाले. ५५२ मध्ये गॉथांच्या आपापसातल्या भांडणात मदतीला बोलावलेले बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन सम्राटाचे, सैनिक कार्ताहेना ते मालागा किनाऱ्यावर ठाण मांडून बसले. म्हणजे ५७० च्या सुमाराला टोलेडोच्या राजाचा एकूण एक शेजारी कॅथलिक होता. राज्यात कुणीही असंतुष्ट उठला की त्याला बाहेरून धर्माच्या नावाने पाठीराखा मिळण्याची सोय झाली होती.

लिओविगिल्डचा तोडगा

हे ज्याने ओळखलं तो राजा लिओविगिल्ड, रेकारेडचा बाप. इतिहासात याच्या वाट्याला खलनायकाची भूमिका आली. माझ्या मते हे राज्य खऱ्या अर्थाने उभं केलं ते यानेच. ५६९ च्या सुमाराला तो भावाबरोबर सहराजा झाला आणि पुढची आठ-नऊ वर्षं जवळपास दर साली मोहिमेवर होता. बायझंटाईनांकडून मेदिना सिदोनिया घेतली, मग बंडखोर कोर्दोबा, मग उत्तरेला कांताब्रिया. ५७८ मध्ये मोहिमा थांबवून त्याने एक नवं शहर वसवलं आणि धाकट्या मुलाच्या नावावरून त्याला रेकोपोलिस म्हटलं. त्याचे अवशेष आजही ग्वादालाहारा प्रांतात पाहायला मिळतात. जर्मानिक टोळीनायकाने शहर वसवणं ही गोष्ट साधी नाही. तो सम्राटांचा अधिकार होता. त्याने नाण्यांवर स्वतःचं नाव घातलं. राजवस्त्रं घालून सिंहासनावर बसणारा हा पहिला गॉथ राजा, त्याआधी राजा आणि लोक यांची बैठक आणि पेहराव सारखाच असे, असं सेव्हिलचा इसिदोर हा बिशप पुढे लिहितो. गॉथ आणि रोमन यांच्या लग्नावरची जुनी बंदीही त्यानेच उठवली.

कायदा एक, नाणं एक, राजधानी एक. उरलं होतं चर्च.

५७९ मध्ये त्याने थोरला मुलगा हर्मेनेगिल्ड याचं लग्न फ्रँक राजकन्या इंगुंडशी लावलं. ही मुलगी लिओविगिल्डच्या दुसऱ्या बायकोची, गोइस्विंथाची, सख्खी नात. गोइस्विंथा आधीच्या राजाची, अथानागिल्डची विधवा. तिच्या दोन्ही मुली फ्रँक दरबारांत दिल्या होत्या आणि दोघींनी तिकडे जाऊन निमूटपणे सासरचा पंथ घेतला होता. तेव्हा नातही इकडे येऊन एरियन होईल हे सगळ्यांनी गृहीत धरलं. नात झाली नाही. तूरचा बिशप ग्रेगरी सांगतो की आजीने तिला केस धरून आपटलं, रक्तबंबाळ होईपर्यंत लाथा मारल्या आणि कपडे उतरवून एरियन बाप्तिस्म्यासाठी कुंडात ढकलायला लावलं. ग्रेगरी एरियनांचा कट्टर वैरी, त्यामुळे तपशिलात तिखटमीठ असणार. पण महालात काहीतरी बिनसलं हे नक्की, कारण लिओविगिल्डने नव्या जोडप्याला लगोलग दक्षिणेला, सेव्हिलकडे कारभार पाहायला पाठवून दिलं.

आणि सेव्हिलला पोचल्यावर हर्मेनेगिल्डने स्वतःला राजा म्हणवून घेतलं.

इथे या प्रकरणातली सगळ्यांत चमत्कारिक नोंद येते. बिक्लारचा जॉन लिहितो की हे बंड झालं ते गोइस्विंथाच्या गटाच्या चिथावणीने. म्हणजे एरियन आजीने, जिच्याबद्दल ग्रेगरी एवढं सांगतो तिने, कॅथलिक नातीच्या नवऱ्याला उचकवलं. दोन्ही नोंदी खऱ्या मानल्या तर गोंधळ वाटतो. पण हिशेब पंथाऐवजी घराण्याचा मांडला की गाठ सुटते. हर्मेनेगिल्ड आणि रेकारेड हे लिओविगिल्डच्या पहिल्या बायकोचे मुलगे, गोइस्विंथाच्या रक्ताचे नव्हेत. इंगुंडच्या पोटी मुलगा झाला आणि हर्मेनेगिल्ड गादीवर बसला तर पुढचा राजा गोइस्विंथाचा पणतू होणार होता. इंगुंडला मुलगा झालाही, आणि त्याचं नाव ठेवलं अथानागिल्ड, म्हणजे गोइस्विंथाच्या पहिल्या नवऱ्याचं. हे काही योगायोगाने ठेवलेलं नाव वाटत नाही.

हर्मेनेगिल्डने कॅथलिक पंथ घेतला तो सेव्हिलचा बिशप लिआंडर याच्या प्रभावाने. बंड आधी आणि धर्मांतर नंतर, हा क्रम अनेक अभ्यासकांना पटतो, मलाही. सेव्हिलजवळ आल्कालाच्या परिसरात सापडलेल्या त्याच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षाच्या शिलालेखात म्हटलंय की या राजाचा त्याचाच बाप छळ करतो आहे. पंथाचं नाव नाही, पण छळ हा शब्द ख्रिस्ती कानाला हुतात्म्यांची आठवण देणारा आहे. बंडाला धर्माचा रंग चढत होता. लिआंडर कॉन्स्टँटिनोपलला सम्राटाकडे मदत मागायला गेला. तिथेच त्याची गाठ रोमच्या एका दूताशी पडली आणि मैत्री झाली. तो दूत पुढे पोप ग्रेगरी झाला. या ओळखीचा परिणाम पुढे दिसतो.

लिओविगिल्डने तलवार लगेच उपसली नाही. ५८० मध्ये त्याने टोलेडोत आपल्या एरियन बिशपांची परिषद भरवली. आतापर्यंत कॅथलिक माणूस एरियन झाला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागे, आणि हीच अट लोकांना फार झोंबायची, कारण त्यात पहिला बाप्तिस्मा खोटा ठरतो. परिषदेने ती अट काढून टाकली. डोक्यावर हात ठेवणं, प्रसाद देणं आणि पित्याची स्तुती पुत्राद्वारे पवित्र आत्म्यात करणारं एक वाक्य म्हणणं एवढ्यावर काम भागेल असं ठरलं. तूरच्या ग्रेगरीला फ्रँक दूतांकडून कळलं की राजा आता पुत्राला पित्याच्या बरोबरीचा मानतो, फक्त पवित्र आत्म्याला नाही, आणि कॅथलिक हुतात्म्यांच्या थडग्यांवरही प्रार्थनेला जातो. म्हणजे सिद्धान्तातही तो बरंच अंतर चालून आला होता. सारागोसाचा बिशप व्हिन्सेंट त्याला जाऊन मिळाला. बिक्लारचा जॉन कबूल करतो की आपले पुष्कळ लोक तिकडे गेले, अर्थात जबरदस्तीपेक्षा लोभाने गेले असं म्हणून तो आपलं समाधान करून घेतो.

तरीही तोडगा फसला. त्याचं उत्तर मेरिदात मिळतं. मेरिदा ही लुसितानिया या रोमन प्रांताची जुनी राजधानी, आणि शहराचा सगळा प्राण संत युलालिया या हुतात्मा मुलीच्या थडग्यात. बिशप मासोनाने तिथे परगावच्या लोकांसाठी आणि आजाऱ्यांसाठी मोठं रुग्णालय बांधलं होतं आणि गावात त्याचा शब्द शेवटचा. लिओविगिल्डने त्याच्या डोक्यावर सुन्ना नावाचा एरियन बिशप आणून बसवला आणि युलालियाचं देऊळ मागितलं. वादविवाद ठेवला गेला, त्यात सुन्ना हरला. मग राजाने मासोनाला टोलेडोला बोलावून संताचा झगा मागितला, राजधानीतल्या एरियन चर्चमध्ये ठेवण्यासाठी. मासोना म्हणाला, झगा जाळला आणि राख पाण्यात कालवून प्यालो. प्रत्यक्षात तो झगा त्याने घडी घालून अंगावरच्या कपड्यांखाली पोटाला गुंडाळलेला होता. सातव्या शतकात मेरिदातच लिहिलेल्या संतचरित्रात ही हकीकत आहे. ती जशीच्या तशी घडली असेल असं नाही, पण झगडा कशासाठी होता ते त्यातून नेमकं कळतं. कॅथलिक बिशपाची ताकद सिद्धान्ताच्या वाक्यात नव्हती. ती गावच्या संतात, जमिनीत, दवाखान्यात, जत्रेत होती. राजाने वाक्य कितीही सौम्य केलं तरी मासोनासारख्याला आपली गादी सोडून राजाच्या पंगतीत दुय्यम पाटावर बसण्याचं काही कारण नव्हतं. मासोना हद्दपार झाला. मेरिदाचे लोक त्याचेच राहिले.

उरलं युद्ध. ५८३ मध्ये लिओविगिल्डने सेव्हिलला वेढा घातला, ग्वादलक्विवीर नदीची वाट अडवली, जवळच्या ओसाड इतालिका शहराची तटबंदी पुन्हा उभारली. बायझंटाईन सेनापतीला त्याने ३०,००० सोन्याची नाणी देऊन गप्प बसवलं, असं तूरचा ग्रेगरी सांगतो. धर्मबंधुत्वाची किंमत ठरलेली होती म्हणायची. ५८४ मध्ये सेव्हिल पडलं, हर्मेनेगिल्ड कोर्दोबात पकडला गेला. त्याची समजूत घालून त्याला बाहेर काढायला आला तो धाकटा भाऊच, असं ग्रेगरीचं म्हणणं. ५८५ मध्ये तारागोनात सिस्बर्ट नावाच्या माणसाने हर्मेनेगिल्डला मारलं. इंगुंड बायझंटाईनांच्या हाती लागली आणि पूर्वेला नेत असताना वाटेतच वारली. छोटा अथानागिल्ड कॉन्स्टँटिनोपलला पोचला. त्याची फ्रँक दरबारातली आजी ब्रुनहिल्ड, म्हणजे गोइस्विंथाची मुलगी, हिने त्याच्यासाठी सम्राटाच्या दरबारी पत्रांवर पत्रं लिहिली. नातू परत आला नाही.

त्याच साली लिओविगिल्डने स्वेबींचं राज्य खालसा केलं. ५८६ मध्ये तो वारला तेव्हा बायझंटाईनांची किनारपट्टी आणि उत्तरेतले बास्क डोंगर सोडले तर अख्खा द्वीपकल्प त्याच्या ताब्यात होता. एक चर्च मात्र झालं नव्हतं.

दहा महिने

रेकारेड गादीवर आला आणि दहाव्या महिन्यात, ५८७ च्या सुरुवातीला, कॅथलिक झाला. इतक्या घाईवरून असं वाटतं की विचार आधीच पक्का होता. पण त्या दहा महिन्यांत त्याने केलेली कामं पाहण्यासारखी आहेत. सावत्र आई गोइस्विंथाला त्याने रीतसर आई मानलं. तिच्याकडून फ्रँक दरबारातल्या तिच्या मुलीपर्यंत वाट जात होती. भावाचा मारेकरी सिस्बर्ट याला ठार मारवलं. एरियन बिशपांना बोलावून कॅथलिकांसमोर चर्चेला बसवलं. त्यांना त्याने हुकमापेक्षा युक्तिवादाने वळवलं, असं जॉन म्हणतो. बापाने जप्त केलेली कॅथलिकांची मालमत्ताही त्याने परत केली.

आणि वळलेल्या एरियन बिशपांना त्याने रस्त्यावर आणलं नाही. ही गोष्ट मला सगळ्यांत हुशारीची वाटते. ५८९ च्या परिषदेत वालेन्सिया, तोर्तोसा अशा ठिकाणांहून एकाच गावचे दोन-दोन बिशप सही करताना दिसतात, एक जुना कॅथलिक, एक नवा. नियमात न बसणारी ही सोय काही वर्षं चालवून घेतली गेली. एरियन पाद्र्यांना बायका असायच्या. त्यांना परिषदेने बजावलं की यापुढे बायकोशी पतीसारखं राहायचं नाही. सगळ्यांना हे जमलं असेल असं वाटत नाही. ५९२ मध्ये सारागोसाच्या परिषदेला पुन्हा या मंडळींचं पाहावं लागलं. एरियन पाद्र्यांना नव्याने दीक्षा द्यायची, त्यांच्या चर्चमधले संतांचे अवशेष अग्निपरीक्षेला लावायचे, असं तिथे ठरलं.

कट झाले, एकामागून एक. मेरिदात सुन्ना आणि सेग्गा वगैरे सरदारांनी मासोनाला आणि लुसितानियाचा सेनापती क्लॉडियस याला मारण्याचा बेत केला. कटातल्याच विटेरिक नावाच्या तरुण सरदाराने आयत्या वेळी तो फोडला. सेग्गाचे हात तोडले. सुन्नाला कॅथलिक झालास तर दुसरीकडे बिशपपद देऊ असं सांगितलं गेलं. तो नाही म्हणाला आणि आफ्रिकेत मॉरेटेनियाला धाडला गेला. पंथ न सोडता सगळं घालवलेला माणूस म्हणून या प्रकरणात मला सुन्नाबद्दल थोडा आदर वाटतो. विजेत्यांच्या लिखाणात तो फक्त खलपुरुष आहे. ५८८ मध्ये गोइस्विंथा आणि बिशप उल्डिला यांचा कट उघडकीला आला. कॅथलिक प्रसाद घेतल्यासारखं करून ती दोघं तो थुंकून टाकत असत, असं जॉन लिहितो. उल्डिला हद्दपार झाला आणि गोइस्विंथा त्याच सुमाराला वारली. दोन राजांची राणी, आणि चाळीसेक वर्षांच्या राजकारणातली बहुधा सगळ्यांत चिवट व्यक्ती. सेप्टिमेनियात एरियन बिशप अथालोकस आणि दोन काउंट उठले, फ्रँक राजा गुंत्राम याची फौज आली, आणि ५८९ मध्ये कार्कासोनजवळ क्लॉडियसने तिचा धुव्वा उडवला. ३०० गॉथांनी जवळपास ६०,००० फ्रँक पिटाळले हा जॉनचा आकडा. बायबलमधल्या गिदियोनच्या ३०० माणसांवरून तो बेतलाय, तेव्हा हिशेबात धरू नये.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. प्रत्येक कटात एक बिशप आणि दोन-चार सरदार. मागे गाव उभं राहिलं असं कुठेच नाही. एरियन चर्चला लोकांचा पाया नव्हता, राजाचा आधार होता, आणि तो राजाने काढून घेतला. शिवाय उभं करायला दुसरा राजपुत्रही नव्हता. हर्मेनेगिल्ड मेला होता आणि त्याचा मुलगा समुद्रापलीकडे होता. क्रूर वाटेल, पण लिओविगिल्डने थोरल्या मुलाचा जो निकाल लावला त्यामुळेच धाकट्याला त्याच मुलाचा पंथ बिनधोक घेता आला.

सौद्यात कुणाला काय मिळालं

परिषदेने २३ नियम केले. प्रत्येक मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) श्रद्धेचा जाहीरनामा सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचा, हा एक. पश्चिम युरोपात ही प्रथा इथून सुरू झालेली दिसते. राजकीयदृष्ट्या वजनदार नियम अठरावा. दरवर्षी प्रांतातल्या बिशपांची सभा भरेल, न्यायाधीश आणि राजाचे वसुली अधिकारी तिथे हजर राहतील, आणि ते लोकांशी नीट वागतात की नाही यावर बिशप लक्ष ठेवतील. राजाला राज्यभर पसरलेली, लिहिता-वाचता येणारी देखरेख यंत्रणा मिळाली आणि बिशपांना राजाच्या नोकरांवर हात ठेवता आला. लिओविगिल्ड एरियन चर्चकडून हे कधीच मिळवू शकला नसता, कारण त्या चर्चची माणसंच तेवढी नव्हती.

किंमत पडली ती ज्यांना सभेत जागाच नव्हती त्यांना. चौदाव्या नियमाने ज्यूंना ख्रिस्ती बायको किंवा रखेल ठेवायला, ख्रिस्ती गुलाम विकत घ्यायला आणि ख्रिश्चनांवर अधिकार चालवणारं पद धरायला मनाई केली. असल्या संबंधांतून झालेल्या मुलांचा बाप्तिस्मा करायचा. यातलं बरंच जुन्या रोमन कायद्यात होतंच, पण एरियन राजांना ते काटेकोर राबवण्याची निकड नव्हती. प्रजेत दोन ख्रिस्ती पंथ असताना ज्यू हा तिसरा गट होता. पंथ एक झाल्यावर तो एकमेव परका उरला. ज्यूंनी हा कायदा सैल करण्यासाठी पैसे देऊ केले आणि रेकारेडने नाकारले, याबद्दल पोप ग्रेगरीने ५९९ च्या पत्रात त्याची पाठ थोपटली आहे. वीसेक वर्षांतच सिसेबुट राजाने सक्तीच्या बाप्तिस्म्याचा हुकूम काढला. त्यावर इसिदोरसारख्या बिशपनेही नापसंती नोंदवली, हुकूम मात्र निघाला तो निघालाच.

एरियन चर्च लेखी रूपातही पुसलं गेलं. एरियन पुस्तकं टोलेडोत एका घरात जमवून जाळली, असं सातव्या शतकातली एक फ्रँक बखर सांगते. गॉथिक बायबलची जी पानं आज जगात उरली आहेत ती बहुतेक इटलीतून आलेली आहेत. स्पेनमध्ये दीडशेहून अधिक वर्षं हे चर्च होतं, पण त्याचा स्वतःचा आवाज आपल्यापर्यंत पोचतच नाही. म्हणूनच गोइस्विंथा, सुन्ना, उल्डिला यांच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं शत्रूपक्षाने लिहिलेलं, हे धरून चालावं लागतं.

दुसरी पुसापुस आणखी विचित्र. कॅथलिक पंथासाठी जीव गेलेला हर्मेनेगिल्ड या कॅथलिक परिषदेत कुठेच नाही. समारोपाचं प्रवचन केलं लिआंडरने, ज्याने त्याला पंथात घेतलं त्यानेच, आणि त्यात त्याचं नाव नाही. बिक्लारच्या जॉनला लिओविगिल्डने हद्दपार केलं होतं, तरी त्याच्या बखरीत हर्मेनेगिल्ड हा बंडखोरच. इसिदोर हा लिआंडरचा धाकटा भाऊ, तोही तेच म्हणतो. कारण उघड आहे. राजाविरुद्ध उठलेल्या राजपुत्राला संत म्हटलं तर उद्या दुसरा कुणी उठेल. स्पेनच्या बिशपांनी राजाशी नुकताच करार केला होता आणि बंडाला देवाचा आशीर्वाद असू शकतो हे मान्य करणं त्यांना परवडणारं नव्हतं. हुतात्मा हर्मेनेगिल्ड घडला तो रोममध्ये. एरियन बिशपाच्या हातून ईस्टरचा प्रसाद घ्यायला तो नाही म्हणाला म्हणून मारला गेला, ही कथा पोप ग्रेगरीने लिहिली. स्पेनने ती स्वीकारायला फार काळ घेतला. १५८५ मध्ये दुसऱ्या फिलिपच्या आग्रहावरून पोप पाचवा सिक्स्टस याने त्याची उपासना अधिकृत केली. त्या वेळी फिलिप पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोवाही त्याच्याच अमलाखाली होता, आणि स्वतःच्या नेदरलँड्समधल्या प्रोटेस्टंट बंडखोरांशी तो लढत होता. राजाविरुद्धच्या बंडखोराला संत करा म्हणून राजानेच विनंती केली, यातला विरोधाभास त्याला जाणवला होता का, कोण जाणे.

मग रेकारेडचा डाव यशस्वी झाला का? घराण्याच्या मापाने पाहिलं तर नाही. ५८९ च्या परिषदेनंतर लगेच आर्जिमुंड नावाच्या महालातल्याच अधिकाऱ्याने कट केला. त्याचा उजवा हात तोडून गाढवावरून टोलेडोत धिंड काढली गेली. रेकारेड ६०१ मध्ये वारला, मुलगा दुसरा लिउवा गादीवर आला, आणि ६०३ मध्ये त्याला उतरवून, उजवा हात छाटून मारलं गेलं. उतरवणारा होता विटेरिक, मेरिदाचा कट फोडून माफी मिळवलेला तोच तरुण सरदार. गादीवर बसवलेलं रक्त टिकवणं बिशपांना जमलं नाही. गॉथ सरदारांची राजे मारण्याची सवय पंथाबरोबर गेली नाही. ६३३ मध्ये टोलेडोच्याच चौथ्या परिषदेला राजा कसा निवडावा आणि शपथ मोडणाऱ्याला कोणता शाप द्यावा हे बसून लिहावं लागलं.

पण चर्चच्या मापाने पाहिलं तर उत्तर वेगळं येतं. विटेरिक एकेकाळी एरियन कटातला माणूस. लिओविगिल्डच्या घराण्याचा कुणी वारस समोर उरला नव्हता, फौज त्याच्या हातात होती, सात वर्षं त्याने राज्य केलं. या सात वर्षांत एरियन चर्च पुन्हा उभं राहिल्याची एकही खूण सापडत नाही.